सातवा बोळा

माझा थोरला भाऊ गाड्यांची डोकी थंड ठेवतो. स्वतःचं सोडून. राग कायम त्याच्या नाकाच्या शेंड्यावर असतो, म्हणून धंद्यातले लोक त्याला ‘बर्फ’ म्हणतात, अर्थात पाठीमागे. समोर म्हणायची हिंमत फक्त माझी. मी त्याची धाकटी बहीण, आणि आमच्या गॅरेजचं टेबल गेली बावीस वर्षं माझ्याकडे आहे. कोणती गाडी आली, काय उघडलं, काय बदललं, ते मी कार्डावर लिहिते. गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं कामही माझंच, कारण दादाला ते जमत नाही आणि जमवायची त्याची इच्छाही नाही.

गॅरेज डोंगराच्या पायथ्याशी आहे. वर चढणाऱ्या सगळ्या गाड्या कधी ना कधी आमच्या दारात येतात. त्यातली दादाची लाडकी म्हणजे दवाखान्याची गाडी. चारही चाकं ओढणारी, टर्बोची, वरच्या वस्त्यांवरून पेशंट खाली आणणारी. टर्बो म्हणजे इंजिनाला जबरदस्तीने जास्त हवा पाजायची. ताकद वाढते, तशी उष्णताही वाढते. अशी गाडी चिखलातून पहिल्या गिअरमध्ये तासभर चढवली की समोरून वारा लागत नाही आणि रेडिएटरची जाळी चिखलाने लिंपून निघते. म्हणून दर आठ फेऱ्यांनी दादा रेडिएटर खाली उतरवतो. मागच्या बाजूने हळूहळू पाणी सोडतो आणि जाळीची वाकलेली एकेक पातळ पाकळी लाकडी काडीने सरळ करतो. समोरून जोरात फवारा मारणाऱ्यांना तो ज्या शिव्या देतो त्या मी लिहिणार नाही. आत नळाचं पाणी चालत नाही, थर धरतो; अर्धं कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं हिरवं औषध, आणि अर्धं बॅटरीत घालतात ते पाणी.

आणि बोळे. नळ्या काढल्या की सात तोंडं उघडी पडतात: दोन रेडिएटरची, दोन इंजिनाची, दोन हिटरची, एक टर्बोच्या पाण्याचं. रेतीचा कण आत गेला तरी पंपाचं वाटोळं, म्हणून प्रत्येक तोंडात लाल कापडाचा बोळा. जोडताना एकेक बोळा काढायचा, मोठ्याने आकडा म्हणायचा, डब्यात टाकायचा. मोजणी चालू असताना कुणी बोलायचं नाही. मग इंजिन वीस मिनिटं चालू ठेवायचं, खालची नळी हाताला गरम लागेपर्यंत. ती गरम लागली म्हणजे आतली झडप उघडली, पाणी फिरायला लागलं. मगच दादा बॉनेट आपटतो आणि म्हणतो, “जा.” त्याआधी कुणाच्या बापाला गाडी मिळत नाही.

ती गाडी चालवते दादाची मुलगी. लहानपणी एका जागी ठरत नसे, म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणायचो. ती तिशीला आली तरी नाव सुटलं नाही. वहिनी गेल्या तेव्हा पोरगी चार वर्षांची होती. कुलंटच्या रिकाम्या डब्यांवर बसून ती अक्षरं शिकली. पण दादाने तिला बॉनेटखाली हात घालू दिला नाही. का, ते त्याने कधी सांगितलं नाही. माझ्या मते त्याला भीती होती की ती शिकली तर त्याच्या चुका तिला दिसतील.

त्या दिवशी तो नळ्या जोडत होता. भिंगरी शेजारी उभी होती. “चार,” दादा म्हणाला आणि चौथा बोळा डब्यात पडला.

“बाबा, पुढच्या वेळी जाळी मी धुऊ का?” भिंगरीने विचारलं. “शेवटी वर मलाच न्यायची असते.”

“पाच. मधे बोलू नकोस. तू गाडी चालव. पोट उघडायचं काम माझं.”

इथपर्यंत ठीक होतं. पुढे तोंड घातलं ते मी. टेबलावरून ओरडले, “तिला शिकवलंस तर तुझं काय जातंय रे दादा? उद्या तुझे डोळे गेले की कोण करणार?”

झालं. दादा पाना हातात घेऊन माझ्याकडे वळला. माझ्या जिभेला हाड नाही, मी त्याच्या घरात ढवळाढवळ करते, वगैरे सगळं निघालं. मीही गप्प बसणाऱ्यातली नाही. तेवढ्यात गाडीतला वायरलेस वाजला. वरच्या वस्तीजवळ दगडाच्या खाणीत एका माणसाच्या पायावर शिळा आली होती. दवाखान्यातल्या सिस्टर औषधांची पेटी घेऊन धावतच आल्या. दादा पुन्हा गाडीत वाकला. “सहा. सात,” मी ऐकलं, आणि कार्डावर सात लिहिलं.

कुलंट भरलं, इंजिन सुरू झालं. दहा मिनिटं झाली. सिस्टर घड्याळ बघत होत्या, भिंगरी बापाकडे बघत होती, आणि दादा कुणाकडेच बघत नव्हता. त्याने बॉनेट आपटलं आणि म्हणाला, “जा.”

भिंगरी एक क्षण थांबली. मग गेली.

अर्ध्या तासाने दादाने बोळे धुवायला घेतले. ते तारेवर वाळत घालायचे असतात. तो तारेसमोर बराच वेळ उभा राहिलेला दिसला तेव्हा मी म्हटलं, “काय रे, आता बोळ्यांशीही अबोला?”

“सहाच आहेत,” तो म्हणाला.

आम्ही डबा उपडा केला. गटाराची जाळी उचलली. ट्रॉलीखाली, त्याच्या खिशांत, माझ्या टेबलाखाली, सगळीकडे शोधलं. तोंडाने सात मोजले होते, हाताने सहा काढले होते. “इंजिनाचं खालचं तोंड,” तो म्हणाला. “शेवटी तेच राहिलं होतं. बोळा आतच आहे आणि त्यावर मी नळी चढवली.”

मी दवाखान्यात फोन लावला. वायरलेसवरच्या बाई म्हणाल्या, गाडी दरीत शिरली, आता माथ्यावर पोचेपर्यंत वायरलेस लागणार नाही. दादा पिकअपच्या दारात किल्ली घालत होता आणि ती घुसत नव्हती. मी किल्ली हिसकावून घेतली आणि स्टिअरिंगवर बसले. मागे त्याने हत्यारं आणि पाण्याचे दोन कॅन टाकले.

तो रस्ता सरळ असता तरी मला भीती वाटली असती. एका बाजूला कातळ, एका बाजूला काही नाही. पिकअप धापा टाकत चढत होतं. दादा स्वतःशीच बोलावं तसं बोलत होता. “सपाटीवर काही होणार नाही. चढ लागला की झडप उघडणार, आणि रेडिएटरमधलं गार पाणी इंजिनापर्यंत पोचणारच नाही. तापमानाची सुई वर जाणार.”

“मग ती बघेल की. आंधळी नाहीये.”

“सुई वर गेलेली दिसते गं. पण पाणी उकळून बाहेर गेलं की सुईला लागायला पाणीच उरत नाही. मग सुई खाली येते. माणसाला वाटतं, चला, थंड झाली. तो खुशीत पुढे नेतो आणि पुढच्या चढावर इंजिन जाम होतं. इंजिन बंद म्हणजे ब्रेक दगडासारखा, स्टिअरिंग हलत नाही, आणि गाडी मागे यायला लागते.” तो थांबला. “मागे काय आहे ते तूच बघ.”

मी बघितलं नाही. “हे सुईचं तू तिला सांगितलं होतंस?” मी विचारलं.

तो खिडकीची काच खालीवर करत राहिला. मला त्याचा इतका संताप आला की पिकअप थांबवून त्याला खाली उतरवावंसं वाटलं. आणि त्याच वेळी मला माझाही संताप येत होता, कारण मोजणीच्या मधे जी बोलली तिच्याच हातात आता स्टिअरिंग होतं. नियम तोडायला आम्ही दोघं पुरलो होतो. शिक्षा मात्र तिसरीला होणार होती.

दुसऱ्या वळणावर रस्त्याच्या कडेला हिरवं पाणी सांडलेलं होतं. दादाने दार उघडलं, मी पिकअप पूर्ण थांबवायच्या आत त्याने उडी मारली, बोट बुडवून हुंगलं. “आपलंच कुलंट,” म्हणाला. पुढे एकेक थेंब, वरच्या दिशेने. म्हणजे पाणी बाहेर पडलं होतं आणि तरी गाडी पुढे गेली होती. माझ्या तोंडचं पाणी पळालं. दादा आत येऊन बसला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

समोरून खडीचा ट्रक उतरत आला. मी हात बाहेर काढून त्याला थांबवला. “दवाखान्याची गाडी दिसली का हो?”

“वरच्या वळणावर आहे की. बॉनेट उघडं टाकलंय, वाफा निघतायत. मी म्हटलं मदत करू का, तर ती पोरगी जवळच येऊ देईना. म्हणाली, बघायचं तर लांबून बघा.”

दादाने डोळे उघडले. “टोपण उघडलं होतं तिने? रेडिएटरचं टोपण?”

“ते काय मला दिसलं नाही बुवा.”

“गरम असताना ते उघडलं तर तोंड भाजून निघतं,” दादा मला म्हणाला, जसं काही मला माहीतच नव्हतं. “चालव. चालव ना!”

वरच्या वळणावर जरा रुंद जागा आहे. गाडी तिथे उभी होती, तोंड चढाकडे, मागच्या चाकांना दगड लावलेले. भिंगरी दहा पावलं दूर एका खडकावर बसली होती. चेहरा घामाने निथळत होता, पण धड होता. मी हँडब्रेक ओढला आणि उतरले.

दादा धावत गाडीपाशी गेला. त्याने खिशातून फडकं काढलं, हाताला गुंडाळलं आणि सरळ टोपणाकडे हात नेला. तीस वर्षं जे दुसऱ्यांना करू दिलं नाही, तेच.

“हात लावायचा नाही!” भिंगरी अशी ओरडली की कातळावरून आवाज परत आला. दादाचा हात हवेतच राहिला.

“अगं, वर माणूस पडलाय…”

“सिस्टर पेटी घेऊन केव्हाच चालत गेल्या. राहिलंय ते दोन किलोमीटर. पोचल्या असतील. अजून पंचवीस मिनिटं हे उघडायचं नाही. तुम्ही भाजलात तर मला एकाऐवजी दोन पेशंट न्यावे लागतील.”

दादा मागे सरला. फडकं खाली पडलं, ते त्याने उचललंही नाही. “बोळा राहिलाय,” तो म्हणाला. “खालच्या तोंडात. माझ्या हातून.”

भिंगरीने मान डोलावली. “वरची नळी इतकी गरम की हात लावता येत नाही, खालची थंडगार. इतकी वर्षं तुमचं बघून, मधे काहीतरी अडकलंय इतकं कळलं होतं. सुई जरा हलली तेव्हाच इंजिनाची धग आत ओढायला हिटर पूर्ण सोडला, काचा उघडल्या. तरी खालच्या चढावर जरा उकळून सांडलं, मग हळूहळू इथवर आणली, कारण तिथे थांबायला जागाच नव्हती. इथे आल्यावर लगेच बंद नाही केली, टर्बो गार होऊ दिला, मग बंद केली.” मग तिने बापाकडे पाहिलं. “पण बोळा असेल असं नव्हतं वाटलं. तुमच्याकडून नव्हतं वाटलं.”

पंचवीस मिनिटं आम्ही तिघं त्या खडकावर बसलो. तितका लांब वेळ मी आयुष्यात काढलेला नाही. मग दादाने आणि भिंगरीने मिळून नळी सोडवली. बोळा आत ओढला जाऊन पंपाच्या तोंडाशी अडकला होता. दादाने चिमट्याने तो बाहेर काढला, उलगडून कोपरान् कोपरा तपासला, एक धागाही आत राहिला नव्हता. पाणी भरलं. हवा निघेपर्यंत भिंगरी वरची नळी दाबत राहिली आणि दादा बुडबुडे बघत राहिला. या वेळी इंजिन वीस मिनिटं चाललं. खालची नळी गरम झाली. सुई मधोमध उभी राहिली.

ती दारात पाय ठेवत होती तेव्हा दादाने विचारलं, “पाणी सांडायच्या आधीच तू हिटर सोडला होतास ना? सुई तेव्हा लाल पट्ट्यात नसणार. मग तुला संशय कसा आला?”

भिंगरी थांबली. सांगावं की नाही, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

“तुम्ही दहा मिनिटांत ‘जा’ म्हणालात,” ती म्हणाली. “आजवर तुम्ही ‘जा’ म्हणालात की मी सुईकडे बघायचेच नाही. तुमचं काम म्हणजे बघायचं कशाला? आज पहिल्यांदा तुमच्यावर विश्वास बसला नाही. म्हणून गॅरेजच्या फाटकापासून माझा एक डोळा सुईवरच होता.”

मला वाटलं, आता दादा भडकणार. त्याने दाराची चौकट धरली.

“बरं केलंस,” तो म्हणाला. “बरं केलंस, पोरी. यापुढेही विश्वास ठेवू नकोस.”

ती गेली. गाडी पुढच्या वळणाआड जाईपर्यंत इंजिनाचा आवाज एकसारखा येत होता, कुठेही न अडखळता. दादा मात्र तिथेच खाली बसला आणि लहान मुलासारखा हमसून हमसून रडला. मी त्याला गप्प केलं नाही. त्याच्या शेजारी बसले आणि मीही रडून घेतलं.