‘लॉज’ची नोंद

निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, नाहीतर गुडघ्यांची चर्चा करतात. मास्तरांनी मराठीत रुळलेल्या इंग्रजी शब्दांचा कोश करायला घेतला. कोणी सांगितलं नव्हतं. लष्कराच्या भाकऱ्या भाजायला आमंत्रण लागत नाही, असं ते स्वतःच म्हणत. घर दोन खोल्यांचं. एकीत मास्तर राहत, दुसरीत शब्द: पलंगावर, खिडकीत, बुटांच्या खोक्यांत, सगळीकडे कार्डंच कार्डं. लग्न केलं नाही ते बरं झालं, असं त्यांना वाटे. बायकोनं पहिल्याच आठवड्यात खोकी आणि मास्तर, दोन्ही रद्दीत घातली असती.

त्यांचा एक नियम होता. वापराचं वाक्य मनानं रचायचं नाही, जिवंत माणसाच्या तोंडून ऐकलेलंच घ्यायचं. त्यासाठी ते दाढी झाल्यावरही न्हाव्याच्या दुकानात बसून राहत, आणि न्हावी मुद्दाम गप्प बसे.

काम ‘एल’पाशी आलं तेव्हा धाकट्या बहिणीचा फोन आला. नवरा गेल्यापासून ती मुलाकडे राहायची, आणि मायलेकांचं विळ्याभोपळ्याचं सख्य.

“दादा, इथून निघतेय मी. तुझ्याकडे येऊ का?”

“ये की,” मास्तर म्हणाले. तिथंच तोंड मिटलं असतं तर आयुष्यातलं एक शहाणपण त्यांच्या नावावर लागलं असतं. “फक्त ‘एल’ संपू दे. पलंगावर कार्डं लावलीत, हलवली की घोटाळा होतो.”

“बरं,” ती म्हणाली.

‘एल’ काही संपेना. मास्तर ‘लॉज’पाशी अडले. मूळ सापडलं होतं आणि त्यांना भारी आवडलं होतं: जुन्या काळी लॉज म्हणजे पानाफांद्यांचं खोपट, चार दिवसांचा आडोसा. अर्थही हाताशी होते. मुक्कामाची जागा तर झालीच, शिवाय इंग्रजीत तक्रार दाखल करायला आणि घशात काटा अडकायलाही हेच क्रियापद. वाक्य तेवढं मिळेना. न्हाव्याच्या तोंडून शब्द निघावा म्हणून त्यांनी प्रवासाचा विषय काढला, तर तो म्हणाला, “मी कुठंही गेलो तरी नातेवाइकांकडेच उतरतो.”

शेवटी कंटाळून त्यांनी बहिणीला फोन लावला. मधल्या काळात एकदाही लावला नव्हता.

“आहेस कुठं?”

“लॉजवर राहतेय. इथंच, बसस्टँडच्या मागे. महिना होईल आता.”

“एक मिनिट,” म्हणत मास्तरांनी कोरं कार्ड ओढलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘लॉजवर राहतेय, महिना होईल आता.’ छान, आटोपशीर वाक्य. बोलणारी व्यक्ती म्हणून ‘बहीण’ असं लिहिलं, आणि मग पेन थांबलं. इतका गाढव माणूस त्या गल्लीत दुसरा नव्हता, आणि एवढं कळायला त्यांना रकाना भरावा लागला.

तासाभरानं ते लॉजच्या जिन्यात होते. जिन्याला फिनेलचा वास. खोलीत एक पलंग, एक खुर्ची, खिडकीला बांधलेल्या दोरीवर तिचा टॉवेल. तिनं खुर्चीवरची पिशवी उचलून खाली ठेवली.

“मी मूर्ख आहे,” मास्तर म्हणाले.

“ते लहानपणापासून माहितीय. बस.”

“मला सांगायचं नाहीस का?”

“काय सांगू? मुलगा जा म्हणाला, ते समजलं. तू नको म्हणाला असतास तर तेही समजलं असतं. तू थांब म्हणालास, म्हणून थांबले. दारावर टकटक झाली की वाटायचं, तूच आलास. चहावाला असायचा.”

मास्तरांना रडू आलं. लाज इतकी वाटत होती की ते लपवायचंही सुचलं नाही.

“चल घरी,” ते म्हणाले. “पलंग रिकामा केलाय.”

“आणि कार्डं?”

“एका चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकलीत.”

“सगळी? एकत्र?”

“सगळी.”

ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. लहानपणी तिनं पेन्सिलीला हात लावला तरी दादा दोन दिवस अबोला धरायचा. मग उठून तिनं दोरीवरचा टॉवेल चाचपून पाहिला.

“ओला आहे अजून,” ती म्हणाली. “वाळला की निघू.”

“पिशवीत घालून नेऊ की तसाच.”

“नाही. वाळू दे.”

मास्तर खुर्चीवर बसले आणि टॉवेल वाळायची वाट पाहू लागले.