आठ बाटल्या, आठ दोरे

तिला मी ओळखत होतो असं म्हणायला जीभ रेटत नाही. रोज सकाळी दूध संकलनाच्या खिडकीशी पाच मिनिटं, एवढाच परिचय. ती गेली म्हणून चार ओळी लिहितोय; लिहायची सवय नाही. चुकलंमाकलं पोटात घ्यावं.

सगळे तिला वैदीण म्हणत. तिच्या अकरा दुभत्या मेंढ्या होत्या. त्यांच्या खुराकात ती शतावरी, ओवा आणि मेथीदाणे कुटून घालायची. त्यानं दूध वाढतं, असा तिचा अनुभव होता. दीर चिडवायचा, "वहिनी, मसाला झाला. आता फोडणी तेवढी राहिली."

"तुमच्यापेक्षा मेंढ्या नावं कमी ठेवतात," ती म्हणायची.

माझं काम कॅनचं झाकण उघडून वास घेण्याचं. एकदा तिच्या दुधाला मेथीचा वास आला, मग पुन्हा आला. चीज करणारा कारागीर म्हणाला, "आणखी एकदा आला तर हिचं दूध बंद." दूध बंद म्हणजे मेंढ्या विकायच्या. हे तिला मीच सांगितलं, तिच्या चपलांकडे बघत.

तिनं वाद घातला नाही. सगळ्यांची मेथी थांबवली. मग एकाच मेंढीला मेथी चारून दर तासाला थोडं दूध काढलं आणि टोपलीतून आठ बाटल्या आणल्या. प्रत्येकीच्या गळ्यात दोरा, जितके तास तितक्या गाठी.

"हुंगा, भाऊ."

मी डोळे मिटले. पहिल्या बाटलीत तिचं अख्खं घर होतं: आढ्याला टांगलेल्या जुड्या, उन्हात ठेवलेलं सूप, उबदार लोकर. मी त्या घरी कधी गेलो नव्हतो. पुढच्या बाटल्यांत ते घर धुक्यात मागे मागे जात राहिलं. सहावीत नुसतं दूध होतं.

"सहा गाठी," मी म्हणालो.

"म्हणजे धार काढून झाली की लगेच चारायचं, पुढच्या धारेपर्यंत वास गेलेला असेल. मी वेडी, धारेच्या आधी चारत होते. गप्प उभ्या राहतात म्हणून."

त्यानंतर इतकी वर्षं तिचं दूध कधी परत गेलं नाही. तो वास मला मात्र अधूनमधून हवासा वाटे; सांगणार कोणाला?

शेवटचं भेटलो तेव्हा दुधावर वाफ तरंगत होती. ती खिडकीला टेकून उभी होती, जरा थकलेली.

"येतोय का वास?"

"नाही."

"नीट बघा हं, भाऊ."

"नाही येत, बाई."

"मग ओता."