चार बोटांचं यंत्र

सुपडूने ते यंत्र घेऊ नये असं माझं मत होतं, आणि मी ते पोटात ठेवलं नाही. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर सांगितलं, "अरे बाबा, पैसे नदीत फेकायचेच असतील तर असेच फेकून ये. निदान डुबुक आवाज तरी होईल." गिऱ्हाइकं हसली. सुपडू हसला नाही आणि चिडलाही नाही. तो कधीच चिडायचा नाही, त्याचाच मला राग यायचा.

मी सायरबाई. अमळनेरात बोरी नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत आमचं किराण्याचं दुकान. आमचे हे गेल्यावर भाऊबंद म्हणाले, दुकान विकून टाका, बाईमाणसाचं काम नाही. मी म्हटलं, तुम्ही तुमची दुकानं सांभाळा. तेव्हापासून गल्ल्यावर मीच बसते, तोंड चालवते आणि गल्लीतल्या सगळ्यांची अक्का झाले.

सुपडू समोरच्याच घरात राहायचा. कापसाच्या दिवसांत जिनिंगमध्ये कामाला आणि एरवी नदीच्या काठाला. पूर ओसरला की जुन्या गावाच्या बाजूची दरड ढासळते आणि त्या मातीतून नाणी निघतात. शिवराई, ढबू पैसा, क्वचित चांदीचा रुपया. सुपडू सकाळच्या तिरप्या उन्हात चाळण घेऊन तिथे बसायचा. माती चाळायची, धुवायची, पुन्हा चाळायची. सदा खाली बघून बघून त्याची मान कायमची वाकली होती. रस्त्यात समोरून कलेक्टर आला असता तरी त्याला आधी त्याच्या वहाणा दिसल्या असत्या.

त्याच्याकडे एक राणीछाप रुपया होता. त्याला सापडलेलं पहिलं चांदीचं नाणं. पहिल्या मुलाच्या पाचवीला त्याने तो पोराच्या मुठीत दिला होता. मग त्या रुपयाशी खेळतच पोरगं रांगायला लागलं. दुकानात विडी घ्यायला आला की सुपडू बंडीच्या खिशातली सगळी चिल्लर फळीवर ओतायचा. त्यात तो रुपया असायचाच. मग तो बोटाने बाजूला सारायचा आणि पुन्हा खिशात टाकायचा. मी दर वेळी म्हणायची, "दे की तोच. जन्मभराच्या विड्या देते." तो मान हलवायचा. इतकी वर्षं आमचा हा खेळ चालू होता.

ते पोरगं, मगन त्याचं नाव, दीड वर्षाचं असताना गोवराने गेलं.

लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. बापे मंडळी घेऊन गेली, नदीकाठी पुरून आली. बायका जात नाहीत. सुपडूची बायको लिलाबाई तेव्हा पुन्हा पोटुशी होती. सुपडूची आई पार्वताबाई मोठी कडक बाई. तिची स्वतःची तीन लेकरं गेली होती. चौथं जगावं म्हणून जन्मल्या जन्मल्या सुपात घातलं, म्हणून तर त्याचं नाव सुपडू. तिची पक्की समजूत होती की आईने पुरल्या जागी जाऊन रडलं की गेलेलं लेकरू पुढच्याला बोलावून घेतं. तिने सुपडूला उंबऱ्यातच अडवलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "लिलीले जागा सांगानी नही, दखाडानी नही, बोटबी करानं नही. येणारा जीवनी आन शे तुले." बरोबर गेलेल्या माणसांनाही दम भरला.

येणारा जीव म्हणजे जिजा. ती जगली, वाढली, हसतीखेळती झाली. म्हणजे आण खरी ठरली की नाही? आता कोणत्या बापाची ती मोडायची छाती होईल?

पण लिलाबाईचं काय? माझ्या मते म्हातारीने त्या बाईवर जुलूम केला. हे मी म्हातारीच्या तोंडावर बोलले होते आणि ती सहा महिने माझ्या दुकानाची पायरी चढली नव्हती. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, इथे घरोघर गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. मगनच्या नावाची घागर म्हातारीने कधी भरू दिली नाही. ती वारली त्या सालापासून लिलाबाई आखाजीच्या दिवशी एक छोटी घागर घेऊन नदीवर जायला लागली. जागा ठाऊक नाही. तोवर दोनदा मोठा पूर येऊन काठ बदलला होता, खुणेची बाभूळ वाहून गेली होती, बरोबर गेलेल्या माणसांनाही काही सांगता येईना; ठाऊक असलीच तर ती रोज काठावर बसणाऱ्या सुपडूला. मग ती काय करायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायची आणि ओंजळ ओंजळ पाणी सगळ्या काठावर शिंपडायची. कुठे ना कुठे त्याला मिळेल म्हणून. वैशाखाचं ऊन, पायाखाली तापलेली रेती. मी एकदा बरोबर गेले. परत आल्यावर घराचं दार लावून रडले.

सदुसष्टच्या आखाजीला ती तिथेच कोसळली. पाय आधीच सुजलेले असायचे. सुपडूने तिला पाठुंगळी मारून घरी आणलं. शुद्धीवर आल्यावर ती पहिलं काय बोलली? "घागर सांडनी. त्या आंगे पानी नही पोहोचनं." त्या टोकाला पाणी पोचलं नाही, हे तिला लागून राहिलं होतं. सुपडू भिंतीला टेकून उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने मान आणखी खाली घातली. मला इतका संताप आला! म्हटलं, हा माणूस आहे की धोंडा? एक बोट करायचं आहे, तेवढंही होत नाही याच्याने.

त्या पावसाळ्यानंतर त्याने यंत्राचा विषय काढला. जळगावला रुपचंद नावाचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस जमिनीतलं नाणं हुडकायचं यंत्र बनवतो, असं त्याने जिनिंगमध्ये ऐकलं होतं. "अक्का, तुम्ही मालाले जळगाव जातसच. माले संगे लई चला. भाव तुम्ही करा."

भाव करायला मी कुठेही जाईन. सकाळच्या पॅसेंजरने गेलो. रुपचंदचं दुकान म्हणजे तारा, उघडे रेडिओ आणि मध्ये एक स्टूल. त्याच्याकडे तीन तऱ्हेची यंत्रं होती. एक लहान, खेळण्यासारखं. एक मोठं, लष्कराच्या लिलावातलं, ते उचलायलाच दोन गडी हवेत आणि किमतीत बैलजोडी येईल. आणि एक मधलं. लांब दांडी, खाली तारेचं कडं, वर डबा, आणि कानाला लावायचं भोंगं. नाण्याजवळ कडं गेलं की कानात घूं आवाज बदलायचा.

मी काही तशीच विश्वास ठेवणारी नाही. रुपचंदला घमेलंभर रेती आणायला लावली. त्यात माझा रुपया पुरला. लहान यंत्र तर रुपयाला टेकल्याशिवाय बोलेना. मधलं चार बोटं खोलीपर्यंत बोललं. पाचवं बोट आलं की मुकं.

"आणि हातभर खाली असलं तर?" मी विचारलं.

"नाही अक्का, खोटं कशाला बोलू? सुटं नाणं चार बोटांच्या खाली नाही कळायचं. आणि खिळा, पत्रा, विडीच्या डब्याचं झाकण, सगळ्याला सारखंच वाजेल."

झालं. माझा निकाल तिथेच लागला. मी सुपडूला बाजूला घेऊन म्हटलं, "चार बोटं तर तुझी चाळणही खाली जाते. पूर येतो तो हात हात माती टाकून जातो. याने तुला सगळ्या गावाचे खिळे सापडतील. नाण्यांसाठी हे घेण्यात काही अर्थ नाही. चल, गाडी गाठू."

सुपडूने माझं सगळं ऐकून घेतलं. मग रुपचंदकडे वळून त्याने एकच गोष्ट विचारली.

"हाई भोंगं बाईमानूसना कानले बसी का?"

मी कपाळावर हात मारला. दुनियाभरचे प्रश्न सोडून याला हा प्रश्न! रुपचंदही चक्रावला. म्हणाला, पट्टी सैल करता येते, अंबाड्यावरूनही बसेल. सुपडू म्हणाला, मधलंच द्या.

त्याने घरातली सगळी तांब्याची नाणी, जन्मभर चाळून काढलेली, टोपलीने नेऊन तांबटाला वजनावर घातली. यंत्र घरी आलं. गल्ली बघायला लोटली. मी पायरीवर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "चार बोटं! चार बोटांच्या खाली ठार बहिरं आहे ते!" गावात त्याला चार बोटांचं यंत्र असं नावच पडलं. आणि गंमत अशी की सुपडू ते घेऊन नदीवर जाईचना. आढ्याला टांगून ठेवलं. सेल तेवढे काढून कोरड्या फडक्यात बांधून ठेवायचा. विचारलं तर म्हणायचा, "येळ येऊ द्या, अक्का."

अडुसष्टची आखाजी आली. आदल्या दिवशी सुपडू गूळ घ्यायला दुकानात आला. नेहमीसारखी चिल्लर फळीवर ओतली. मी नेहमीसारखं बोलायला तोंड उघडलं आणि थांबले. राणीछाप नव्हता. "विकलास का रे शेवटी?" मला खरंच वाईट वाटलं.

"इकना नही, अक्का. ठेई दिधा."

कुठे ठेवलास, विचारणार तर हा गूळ घेऊन चालता झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही तिघं नदीवर गेलो. मी का गेले? लिलाबाई पुन्हा कोसळली तर हा वाकडमान्या एकटा काय करणार, म्हणून. लिलाबाईच्या कडेवर घागर. सुपडू पुढे, यंत्र काठावरून फिरवत. त्याने तिला सांगितलं होतं की या यंत्राला जमिनीतलं कळतं, तर करून बघू. ती जीव मुठीत धरून त्याच्या मागे चालली होती. मी मागून धुमसत होते. दीड वर्षाचं लेकरू हातभर खाली, वर दोन पुरांची माती, आणि याचं यंत्र चार बोटांचं, तेही खिळ्यानाण्यांना वाजणारं. बाईच्या जिवाशी हा काय खेळ मांडलाय?

काठभर त्याच्या चाळणीचे खड्डे होते. जुने, नवे, एकाला एक लागून. आम्ही ते ओलांडत गेलो. पुढे एक तुकडा लागला, आमच्या दुकानाएवढा असेल, तिथे एकही खड्डा नव्हता. इतकी वर्षं या माणसाने सगळा काठ उकरला आणि तेवढ्या जागेला हात लावला नव्हता. मी हे बघते आहे तोवर तो तिथे थांबला. कडं एकाच जागी दोनदा फिरवलं. मग कानावरचं भोंगं काढलं, लिलाबाईच्या डोक्यावर ठेवलं, तिचा पदर सारखा केला, पट्टी बसवली आणि दांडी तिच्या हाती दिली.

लिलाबाई ऐकत राहिली. तिचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही.

"आठेच शे का तो?" तिने विचारलं.

सुपडू तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. दोन्ही हात पाठीशी घट्ट धरलेले, बोटं मुठीत मिटलेली.

"माले नको इचारू," तो म्हणाला. "यंत्रले इचार."

मी तोंड उघडलं होतं. चार बोटं, हे माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात मला फळीवरची राणीछाप नसलेली चिल्लर आठवली, आणि रुपचंदच्या दुकानातला तो प्रश्न आठवला. आयुष्यात पहिल्यांदा मी माझी जीभ आवरली. मला इतकं भरून आलं की मी तिथेच रेतीत बसले. याला मी धोंडा म्हणत होते!

लिलाबाई खाली बसली. तिने जमिनीवर तळहात ठेवला, लेकराच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि काही बोलली. काय ते मी ऐकलं नाही, ते माझ्यासाठी नव्हतं. मग तिने घागर उचलली आणि सगळी तिथेच ओतली. एक थेंब दुसरीकडे नेला नाही.

परत येताना सुपडू बराच पुढे गेला होता. मला राहवेना. मी म्हटलं, "लिलाबाई, ते यंत्र, म्हणजे बघ..."

"चार बोटं खालेच आयकू येस," ती शांतपणे म्हणाली. "अक्का, तुम्हीच तं गावभर सांगं."

मी तिच्या कडेवरची रिकामी घागर घेतली.

"रुपया काल त्यास्ना खिसामा नव्हता," ती म्हणाली. "राहू द्या तठेच. पोऱ्याना शे."

त्यानंतर यंत्र पुन्हा कोणी वाजवलं नाही. सेल गळून डबा गंजला, कडं कुठल्याशा पोराने गाडा करायला नेलं. सुपडूने चाळण घेऊन पुन्हा शिवराया गोळा करायला सुरुवात केली. गावातली माणसं अजून मला विचारतात, अक्का, नाणी हुडकायला तसलं मधल्या किमतीचं यंत्र घ्यावं का हो? मी सांगते, नाण्यांसाठी नका घेऊ.

लिलाबाई आता दर आखाजीला भरली घागर घेऊन निघते, खड्ड्यांच्या कडेने सरळ चालत जाते आणि ऊन चढायच्या आत घरी येते. सुपडू बरोबर जातो आणि पाठ करून उभा राहतो.