अप्पांची कुजबूज

आवाजाच्या बाबतीत आमच्या आत्याच्या यजमानांइतका निष्पाप आणि घातक माणूस सगळ्या धारवाडात दुसरा झाला नाही. आम्ही त्यांना अप्पा म्हणत असू. तापाच्या साथीत क्विनीन खाऊन खाऊन त्यांचे दोन्ही कान गेले होते, आणि जाताना आवाजाचा अंदाजही घेऊन गेले होते. एरवी आपण मोठ्यानं बोलतो हे त्यांना ठाऊक होतं, कारण समोरचा दचकलेला दिसे. पण तोंडावर पंजा आडवा धरून मान खाली घातली की आपण कुजबुजतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. ती कुजबूज मळमड्डीतल्या आमच्या घरातून निघून स्टेशनापर्यंत जाई. माझ्या थोरल्या बहिणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा अप्पांनी असाच पंजा धरून माझ्या वडिलांना सांगितलं, की मुलगा बरा आहे, पण बाप आतल्या गाठीचा दिसतो. बाप समोरच पोहे खात बसला होता. ते स्थळ गेलं, आणि पाहुणे लहरी निघाले असं अप्पा पुढे वर्षभर सांगत होते.

त्यांच्या घरी मात्र या आवाजाला काही काम नव्हतं. कानांमुळे कचेरीतली नोकरी मुदतीआधीच सुटली होती. घरात माणसं दोन. एकाला ऐकू येत नसे आणि दुसरी बोलत नसे. त्यांची एकुलती एक मुलगी त्याच साथीत, सहाव्या वर्षी गेली. तेव्हापासून आत्या गरजेपुरतं बोले, आणि गरज तरी किती लागते दोघांच्या संसाराला? त्या घरातलं मला अजूनही आठवतं ते न वाजणारं घड्याळ. अप्पांना ते ऐकू येत नव्हतं म्हणून त्यांनी किल्ली देणं सोडलं होतं आणि आत्यानं कधी आठवण करून दिली नव्हती. आठवड्यातले सहा दिवस अप्पा ओसरीवर रविवारची वाट बघत बसत, कारण रविवारी ते आमच्या बोळातल्या आठ पोरांना घेऊन वाचनालयात जात.

निघण्याआधी नळावर हात धुण्याचा विधी होई. नखं तपासली जात, खिशातली चिंच काढून ठेवावी लागे, आणि ओले हात अप्पांच्या उपरण्याला पुसावे लागत; कुणी परकराला पुसले तर पुन्हा धुवायला लावत. मग सगळ्यांत लहान पोर पुढे आणि छत्री घेतलेले अप्पा मागे, अशी आमची वरात निघे. निघताना, पोचल्यावर आणि परतताना पायरीवर ते आम्हांला मोजत. छत्रीच्या टोकानं आठ डोकी मोजायची आणि शेवटी टोक स्वतःच्या छातीला लावून ‘नऊ’ म्हणायचं. नऊ भरल्याशिवाय ते पायरी उतरत नसत. एकदा परतताना दहा भरले. दुसऱ्याच कुणाचा तरी मुलगा गोष्टीच्या नादात आमच्यात मिसळला होता आणि त्याचे वडील आत वर्तमानपत्र वाचत बसले होते. आम्ही खुणांनी सांगत राहिलो, पण अप्पा त्याला घेऊन निघालेसुद्धा.

“एक जास्त असलं तर असू दे की,” ते म्हणाले. “कमी नको.”

वाचनालय म्हणजे एक लांबट खोली, चार कपाटं, दोन बाकं आणि भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी. अप्पांचा त्या पाटीवर फार विश्वास. आम्हांला कोपऱ्यात गोल बसवून, पाटीकडे बोट दाखवून, ते तोंडावर पंजा धरत आणि गोष्ट वाचायला लागत. बसप्पा शिपाई दारातून धावत येई आणि हात खाली-खाली करत ‘मेल्लग री, अप्पा, मेल्लग’ म्हणून हळू बोलायची विनवणी करी. त्याच्या हाताकडे बघून अप्पा आम्हांला खाली नीट बसायला सांगत आणि पुढे वाचू लागत.

आणखी एक विचित्रपणा होता. गोष्ट कुठलीही असो, शेवटची चार पानं उरली की अप्पा पुस्तक मिटत. पुढच्या रविवारी नवीन पुस्तक. आम्ही हट्ट केला, रुसलो, एकदा तर मी पुस्तक धरून ओढलंही, पण त्यांनी ते दिलं नाही. मी आत्याच्या घरी जाऊन रडले तेव्हा ती जन्मात बोलली नसेल इतकं एकदम बोलली. साथीत गावाबाहेर झोपडीत राहत असताना अप्पा रोज मुलीच्या उशाशी बसून गोष्ट वाचत. एका दुपारी गोष्ट वाचून संपली, आणि संध्याकाळी पोर गेली.

“गोष्ट राहिली असती तर पोर थांबली असती, असं घेऊन बसलेत मनात,” आत्या म्हणाली. “तुम्ही पुढच्या रविवारी यायला पाहिजे की नाही? म्हणून संपवत नाहीत.”

खिडकीपाशी इंग्रजी वर्तमानपत्र वाचत बसणारे एक निवृत्त हेडमास्तर होते. अप्पांनी पहिलं वाक्य उच्चारलं की ते पत्र तोंडासमोर धरत आणि ते तसंच राही. त्यांनी सूचनावहीत तीनदा तक्रार लिहिली. चौथ्यांदा वाचनालयाचे चिटणीस अप्पांजवळ आले. आम्ही तेव्हा समुद्रावर हरवलेल्या एका सावकाराच्या मुलाची गोष्ट ऐकत होतो. चिटणिसांनी अप्पांच्या हातात चिठ्ठी ठेवली : मोठ्यानं वाचायचं असल्यास पुढच्या रविवारपासून मुलांना आणू नये.

अप्पांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग आमच्याकडे बघून विचारलं, “मी कुजबुजतच होतो ना?” आम्ही माना खाली घातल्या. त्यांनी सगळ्या खोलीकडे पाहिलं. खोलीतला प्रत्येक माणूस त्यांच्याकडे बघत होता. इतकी वर्षं आपण काय काय आणि कुणाकुणासमोर बोललो असू, हे सगळं त्यांना त्या एका क्षणात आठवलं असावं. त्यांचा तो चेहरा मला आजही नको वाटतो.

पुढच्या रविवारी त्यांनी आम्हांला नेलं, कारण रविवार मोडणं त्यांना शक्यच नव्हतं. तेच पुस्तक उघडलं, तोंडावर पंजा धरला, आणि ओठ हलवत राहिले. आवाज काढलाच नाही. आम्ही आठजण त्यांच्या ओठांकडे बघत तासभर बसलो, कुणी चुळबुळसुद्धा केली नाही. पान उलटलं की ते आम्हांला समजलं का म्हणून भुवया उचलत, आणि आम्ही समजलं म्हणून मान हलवत असू. असे चार रविवार गेले. ते घरीही बोलेनासे झाले. थंडीत छाती भरल्याचं निमित्त झालं, आणि सावकाराचा मुलगा समुद्रावर असतानाच अप्पा गेले.

त्यानंतर काही रविवार कोरडे गेले. मग एका रविवारी आत्याच आमच्या दारात येऊन उभी राहिली. हातात छत्री होती. तिनं आमची नखं तपासली आणि आम्हांला नळावर नेलं.

वाचनालयात पाटीवर लिहिली होती तशीच शांतता होती. मी ते पुस्तक काढून मनात वाचू लागले. थोड्या वेळानं खिडकीपाशी खुर्ची सरकली आणि हेडमास्तर आमच्या कोपऱ्यात येऊन उभे राहिले. पत्र हातात चुरगळलं होतं. त्यांनी आधी आत्याला नमस्कार केला आणि मग मला विचारलं,

“ते सावकाराचं पोर... घरी पोचलं का गं?”

मला ठाऊक नव्हतं. मी मोठ्यानं वाचायला लागले. बसप्पा दारात येऊन उभा राहिला, पण ‘मेल्लग’ म्हणाला नाही. हेडमास्तर आमच्याबरोबर जमिनीवर बसले. मुलाला लांबून किनारा दिसला, किनाऱ्यावरचे दिवे दिसले, आणि आत्यानं माझ्या हाताखालच्या पानावर हात ठेवला.

“थोडंच उरलंय, आत्या,” मी म्हटलं.

“उरू दे,” ती म्हणाली.

हेडमास्तरांनी मान हलवली आणि पुढच्या रविवारी येतो म्हणून सांगितलं.

परतताना आत्यानं पायरीवर उभं राहून छत्रीच्या टोकानं आम्हांला मोजलं. आम्ही आठ भरलो; टोक तिनं स्वतःच्या छातीला लावलं नाही. तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजलं, तरी आठच भरलो, आणि मग आम्ही घरी निघालो.