हरकतबाई आणि एकशे वीस प्रश्न

...तर ते बावीस प्रश्न कोरेच राहिले, आणि गंमत म्हणजे ते येत नव्हते असंही नाही! काल गोष्ट इथंच तर अर्धी राहिली. गेल्या वर्षीची कायद्याच्या कॉलेजची प्रवेश परीक्षा, दोन तास, एकशे वीस प्रश्न. आणि ही बया नव्व्याण्णवाव्या प्रश्नाशी कडाकडा भांडत बसलेली असताना घंटा झाली. पाच गुणांनी प्रवेश हुकला.

हरकतबाई हे तिचं घरात पडलेलं नाव. बोलायला लागली तीच मुळी "का?" म्हणत. दूध पी म्हटलं की का, झोप म्हटलं की का. मोठी झाल्यावर "का"च्या जागी "माझी हरकत आहे" आलं, एवढीच काय ती प्रगती. विद्यापीठात पदवीच्या शेवटच्या वर्षाला पोचली, तरी हजेरी घेताना प्राध्यापक तिच्या नावापाशी आले की आधी पाण्याचा घोट घेत.

या वर्षी मात्र घोडं अडून चालणार नव्हतं. काकांनी विमा कचेरीत तिच्यासाठी नोकरी बोलून ठेवली होती. यंदा जमलं तर वकील, नाही तर पुढच्या एक तारखेपासून विम्याचे अर्ज तपासायचे, असा घरात करार झाला. त्यावर तिनं सहीही केली, दोन हरकती नोंदवून.

तयारी चाले स्वयंपाकघरातल्या टेबलावर. घड्याळ लावून प्रश्न मोठ्यानं वाचायचं काम आजोबांकडे. आता आजोबा म्हणजे गोष्टींचं पोतं. जरा कुठं शिवण उसवायचा अवकाश!

"नियम असा," आजोबा वाचत, "दुसऱ्याच्या आवारात परवानगीशिवाय शिरणारा दोषी. घटना अशी, की शेजारच्या घराला आग लागली म्हणून एकानं कुंपणावरून उडी मारली आणि ती विझवली." इथं थांबावं की नाही? पण आजोबांनी चष्मा काढला. "अगं, हुबेहूब असंच आमच्या गावात झालं होतं! फक्त आग नव्हती, म्हैस होती."

"म्हैस? कुंपणात?"

"विहिरीत! आणि उडी मारणाऱ्याला पोहता येत नव्हतं."

"मग त्याला काढलं कुणी?"

"म्हशीनं!"

ती म्हैस विहिरीबाहेर येईपर्यंत अकरा मिनिटं गेली. एवढं करून हरकतबाईंनी उत्तर लिहिलं, 'दोषी नाही', आणि शेजारी समासात चार ओळी कारणं. पुस्तकातलं उत्तर होतं, 'दोषी'. दिलेल्या नियमात आगीला सवलत नव्हती.

"हा काय न्याय झाला?" हरकतबाई कडाडल्या.

"तेच म्हणतो मी!" आजोबांनी टेबलावर थाप मारली.

आई नुकतीच कामावरून आली होती. टपाल कचेरीत तिचं काम पत्रं लावायचं. गावागावाच्या खणांत, दिवसाला हजारो. चप्पल काढता काढता तिनं दोघांकडे पाहिलं.

"बाबा, तुम्ही जरा गॅलरीत बसा."

"मी काय केलं?"

"म्हैस घेऊन जा, म्हणजे झालं."

मग तिनं चार रिकामी खोकी मांडली, त्यांवर अ, ब, क, ड लिहिलं आणि जुन्या प्रश्नपत्रिका कात्रीनं कापून चिठ्ठ्या केल्या. "एक चिठ्ठी, एक प्रश्न. वाच आणि टाक."

"पण आई, हा नियमच चुकीचा आहे!"

"पाकिटावर जो पत्ता, त्या खणात पत्र. त्या पत्त्यावरचा माणूस बरा की वाईट हे विचारत बसले, तर उद्या कुणाला पत्र मिळेल का?"

"आणि पत्ताच चुकीचा असला तर?"

"त्याला वेगळं टेबल आहे, आणि तिथं बसणारे वेगळे. तुला त्या टेबलावर जायचंय ना? मग आधी दारातून आत तर शीर!"

हरकतबाईंनी चारही खोकी उलटसुलट करून पाहिली. मग हळूच म्हणाल्या, "निदान हरकतींसाठी पाचवं खोकं तरी दे."

"पेपरात पाचवा पर्याय असतो?"

"नाही."

"मग नाही."

पहिल्या दिवशी दोन तासांत सत्तर चिठ्ठ्या झाल्या. हात शिवशिवायचा, समास खुणावायचा. तिकडं गॅलरीत आजोबांच्या ओठांवर रोज एक गोष्ट यायची आणि बिचारे मूग गिळून बसायचे. परीक्षेच्या आधल्या शनिवारी आकडा गेला एकशे अठरावर. दोन अजून उरतच होते.

परीक्षेला पंख्याखालची जागा मिळाली. पंच्याहत्तरपर्यंत गाडी सुसाट. शहात्तरावा नियम म्हणे, विद्यार्थ्याचं काहीही हरवलं तरी शिक्षकच जबाबदार; आणि पोरगा छत्री विसरलेला बसमध्ये! हरकतबाईंची पेन्सिल आपोआप समासाकडे वळली. 'हर' एवढं उमटलंही. तिनं ते खोडरबरानं पुसलं, दात आवळले, 'ब' ठोकला आणि पुढं सरकली.

बाहेर फाटकाशी आई उभी होती. आजोबांनी तोवर इतर पालकांना तीन गोष्टी ऐकवल्या होत्या. चौथी रंगात असतानाच हरकतबाई गर्दीतून येताना दिसल्या. चेहरा असा, की रडणार की हसणार ते कळू नये.

आईला विचारायचा धीर होईना. शेवटी आजोबाच म्हणाले, "किती राहिले गं?"

"एकही नाही, आजोबा. एकशे वीसच्या एकशे वीस! त्यात अकरा ठिकाणी पेपर काढणाऱ्याचं साफ चुकलंय, पण आज मी त्याला मोठ्या मनानं सोडलंय. एकदा आत जाऊ दे, मग बघते त्याच्याकडे!"