लोखंडी कडेची थाळी

सांगावा एस.टी.च्या कंडक्टरनं आणला. दुसरबीडहून आलेली गाडी बीबीला थांबली, तसा तो आमच्या दारात आला आणि म्हणाला, "बाई, तुमचे अप्पा गेले." मी तव्यावरची भाकर उलटली, ती नीट शेकली, चूल विझवली आणि मग माहेरी निघाले. पोरगी धीराची आहे, असं लोक म्हणाले. धीर कसला... राग होता, आणि तो अजून आहे. आता महिना उलटला. अप्पांबद्दल चांगलं चांगलं बोलून सगळ्यांचं झालं, म्हणून मी लिहायला बसले आहे.

अप्पा दुसरबीडच्या शाळेत ड्रिल मास्तर होते आणि थाळीफेक हे त्यांचं वेड होतं. शाळेत थाळ्या दोनच. एक गावच्या सुतारानं बाभळीची घडवलेली, सगळं वजन पोटात असलेली. दुसरी बाहेरून मागवलेली, लाकडाला लोखंडी कड बसवलेली. बाभळीची कोणाच्याही हातून बऱ्यापैकी जायची. लोखंडी मात्र बोटांचा झटका मागायची. सुटताना भोवऱ्यासारखी फिरली तर सपाट तरंगत लांब जायची, नाही फिरली तर हवेतच डावी कड टाकून धपकन खाली. कच्च्या हाताला लाकडीच लांब नेते, हे अप्पांना पक्कं ठाऊक होतं. पण पोरांना लोखंडी म्हणजे मर्दाची वाटायची. पहिल्याच दिवशी ती मागायची आणि अप्पा मुद्दाम द्यायचे. थाळी पायाशी पडली की सगळ्या वर्गाला हसायला लावायचे, घरी जाऊन मायची ताटली फेक म्हणायचे. एक पोरगा तर त्यानंतर मैदानावर फिरकलाच नाही. अप्पांना त्याचं काहीही वाटलं नाही.

मी लोखंडी मागितली नाही. परकर खोचून बाभळीचीच फेकत राहिले आणि ती पोरांच्या लोखंडीपुढं जाऊन पडायला लागली. मला अप्पांनीच घडवलं, हे मी नाकबूल करणार नाही. टाच कशी वळवायची, खांदा मागं कसा राखायचा, हे त्यांनी उन्हात उभं राहून शिकवलं. चुकले की शिटीची दोरी पोटरीवर बसायची आणि संध्याकाळी तेच मायला माझ्या मनगटाला तेल चोळायला सांगायचे.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या हिवाळ्यात बुलढाण्याला मुलींचे सामने ठरले. शाळेच्या सभेत अप्पांना भरतं आलं आणि ते बोलून बसले, की पोरगी पहिली आली तर तिला अमरावतीला व्यायामशिक्षण घ्यायला पाठवतो. टाळ्या पडल्या. त्या दिवसापासून मला दुसरं काही दिसेना. मला मास्तरीण व्हायचं होतं, गळ्यात स्वतःची शिटी घालायची होती. सामन्यात लोखंडी कडेचीच थाळी असते हे मला कळत होतं, म्हणून मी रोज विचारायची, आता ती कधी देता? तुझा हात अजून तयार नाही, असं ते म्हणायचे. मी विश्वास ठेवला. बापावर नाही ठेवायचा तर कोणावर...

बुलढाण्याला लोखंडी थाळी पहिल्यांदा माझ्या हातात आली. बोटांना ती कड परकी होती. प्रत्येक वेळी सुटताना डगमगली, डावीकडे कलली आणि पडली. अंतर मोजायची फीत धरायला पंचांनी अप्पांनाच घेतलं होतं. माझा आकडा त्यांनी मोठ्यानं वाचला आणि हसले, शाळेच्या मैदानावर हसायचे अगदी तसेच. त्याच उन्हाळ्यात त्यांनी माझं लग्न लावून दिलं. मालक चांगले मिळाले, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

गेल्या दिवाळीनंतर अप्पांना अर्धांगवायू झाला आणि उजवा हात गेला. मी भेटायला गेले तेव्हा ते खाटेवर पडून कोपऱ्यातल्या माठाकडे बघत होते. माठावर झाकण म्हणून ती बाभळीची थाळी होती. शाळेनं मोडीत काढली तेव्हा त्यांनी ती घरी आणली होती. मी काहीच विचारलं नव्हतं, तेच बोलले. तोंड वाकडं झालं होतं, पण शब्द कळत होते.

"तुहा हात तयार होता. लोखंडाची देली असती त तू जिकली असती."

"मंग काऊन नाही देली, अप्पा?"

"सभेत बोलून बसलो होतो ना. पोरीले एकटीले अमरावतीले कोण धाडते?" आणि लगेच म्हणाले, "पाणी दे."

ते पुढं काही बोलतील म्हणून मी थांबले... त्यांना खरंच नुसती तहान लागली होती. मी थाळी उचलली, पेला भरला आणि त्यांच्या तोंडाला लावला. निम्मं पाणी ओठांतून गळ्यावर सांडलं. ते मी पुसलं नाही. तीच आमची शेवटची भेट.

तेरवी झाल्यावर माय म्हणाली, त्यांची आठवण म्हणून काहीतरी घेऊन जा. मी ती थाळी आणली. आता ती माझ्या माठावर असते. परवा माझ्या मुलीनं ती अंगणात नेली आणि आजोबांच्या गोष्टींत ऐकली होती तशी गिरकी घेऊन फेकली. चांगली लांब गेली. पोरगी नाचत पुन्हा उचलायला धावली, तर मी तिच्या हातून काढून घेतली आणि माठावर ठेवून दिली.

"काऊन व माय?" तिचे डोळे भरून आले.

"हे कोणाच्याबी हातून उडते," मी म्हणाले.

बीबीच्या लोहाराला मी या थाळीला बसवायला लोखंडी कड सांगून आले आहे. ती थाळी पहिल्या दिवशी पोरीच्या पायाशीच पडेल, दुसऱ्या दिवशीही पडेल. पडू दे. मी हसणार नाही.