चार जणांची रापण

संचिताला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते शाळेत नव्हे, तळाशीलच्या किनाऱ्यावर. रापण चालली होती. समुद्रात सोडलेलं ते लांबलचक जाळं दोन्ही टोकांना माणसं लागून ओढतात. सातवीतली ही मुलगी दोरीला रेलून, टाचा वाळूत रुतवून ओढत होती. जाळं काठाला लागल्यावर एक बाप्या पानाची पिंक टाकून आला, दोरीला दोनदा हात लावला आणि मासळीच्या वाट्यासाठी उभा राहिला. माझं तोंड कडू झालं.

"बाई, ऱ्हवांदे," संचिता म्हणाली. "हात लागलो मां? मगे वाटो मेळाक होयो."

बारावीत तिला मत्स्यविज्ञानाला जायचं होतं. त्यासाठी सीईटी. कुडाळच्या एका क्लासला गावातली चौघं जात. परीक्षा जवळ आल्यावर त्यांनी अभ्यासाचीही रापण केली. संचिताने भौतिकशास्त्र घेतलं, प्रियांकाने रसायन, ओमकारने जीवशास्त्र, विकीने अकरावीचा सगळा भाग. ज्याने त्याने आपल्या नोट्स काढायच्या आणि चौघांत वाटायच्या. क्लासच्या सरांनी 'टीमवर्क' म्हणून त्याची रील केली. आणि मी? बत्तीस वर्षं पेपर तपासलेली बाई, मीही "छान" म्हणाले. त्या 'छान'ची मला अजून शिसारी येते. दुसऱ्याने चावलेला घास आपल्या पोटात जात नाही, एवढं मला सांगता आलं नाही.

विकीचा वाटा परीक्षेच्या चार दिवस आधी आला, तोही फोनवर. कुठल्या तरी ॲपमधले अंधुक फोटो, मध्येच केसांच्या तेलाची जाहिरात, आणि निम्मे धडे आपल्या अभ्यासक्रमातलेच नव्हेत.

परीक्षेत अकरावीचे प्रश्न संचिताला अनोळखी वाटले. भौतिकचं एक गणित अडलं, पण ते तिच्या वाट्याचं, म्हणून ते टाकून पुढे जाववेना. भौतिक आणि रसायन दोहोंना मिळून वेळ एकच. रसायनाचे चौदा प्रश्न तसेच राहिले. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तरी कोरे. मत्स्यविज्ञानाचा प्रवेश हुकला.

विकीने मात्र बाकीच्या तिघांच्या नोट्स मन लावून वाचल्या होत्या. त्याला फार्मसी मिळाली. तो पेढे घेऊन आला.

"बाई, सगळ्यांनी मिळान केला मां!"

मी पेढा बशीत ठेवला. संचिताने तिचा खाल्ला. मला तिचाही राग आला.

तिचे वडील सहदेव बोटीवर जातात. ते एवढंच म्हणाले, "आणखी एक वरस देतंय. मगे गोव्याक कारखान्यात."

त्या वर्षी दर रविवारी ती माझ्या पडवीत घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडवायची. चुकलेला प्रत्येक प्रश्न वहीत उतरायचा, पुढे कारण: वाचलंच नाही, घाई केली, अडकून बसले. पहिले दोन महिने 'अडकून बसले'चीच पानं भरली. मी टेबलावर टकटक करायचे.

"बाई, ह्यो सुटतलो, एक मिनिट!"

"तो सुटेपर्यंत हातचे चार जातील. पुढे हो."

तिला राग यायचा, पण ती पुढे व्हायची. जानेवारीत एका रविवारी विकी पडवीत उगवला. त्याची बहीण दीपिका त्याच परीक्षेला बसत होती.

"संचिता, ती चुकांची वही दी गो. दीपिका तिच्यो नोट्स तुका देतली."

"कोरे पेपर ने. घड्याळ लावन सोडव म्हणान सांग तिका," संचिता म्हणाली. "चुको माझ्यो. तिका तेंचो काय उपेग?"

"मोठी शाणी इली!"

"फाल्यां सकाळी रापणीर ये. पयल्यापासून ओढ. वाटो घे, कोण नाय म्हणणा नाय."

विकी कोरे पेपर न घेताच गेला. संचिताने घड्याळाकडे पाहिलं, या बोलण्यात दोन मिनिटं गेली म्हणून माझ्यावरच करवादली आणि पुढचा प्रश्न घेतला.

निकालानंतर क्लासच्या सरांचा मला फोन आला: बोर्डावर लावायला संचिताचा फोटो हवा होता. मी फोन ठेवला आणि हात धुतले.

संचिता आता रत्नागिरीत मत्स्यविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत घरी आली की सकाळी रापणीवर जाते.